वेफर्सचं पाकीट आणि वेधशाळा

वाईहून पसरणीचा घाट लागला की गाडीत सगळ्यात आधी फुगतं ते वेफर्सचं पाकीट. पुण्यामुंबईत विकत घेताना ते चारचौघांसारखं असतं. दांडेघर येईपर्यंत त्याचं पोट तुकतुकीत होतं, कडा ताणल्या जातात आणि मागच्या सीटवरचं पोर त्यावर टिचक्या मारायला लागतं. पाकिटात निम्मी हवाच भरलेली असते, हे आपलं जुनं मत असतंच. इथे त्याला डोळ्यांदेखत पुरावा मिळाल्यासारखं वाटतं. खरं म्हणजे आतली हवा होती तेवढीच असते, बाहेरची विरळ झालेली असते. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटरवर. तिथला हवेचा दाब मुंबईच्या मानाने सुमारे १५ टक्के कमी भरतो. बाहेरून दाबून धरणारं कोणी उरलं नाही, म्हणून पाकीट अंग सैल सोडतं. महाबळेश्वरला आलेला प्रत्येक जण तेच करत असतो; पाकिटाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

हाच दाब मोजणारं एक चिमुकलं यंत्र त्याच गाडीतल्या एखाद्या महागड्या मोबाइलमध्येही असतं. उंचीचा अंदाज घ्यायला आणि आज किती जिने चढलात ते सांगायला त्याचा उपयोग. ते आपल्या खिशात आहे याचा मालकाला पत्ता नसतो. घाटात कानाला दडे बसले की तो जांभया देतो, आवंढे गिळतो आणि 'रेंज गेली' म्हणून त्याच मोबाइलला शिव्या घालतो. परतीच्या वाटेवर उलटा प्रयोग करता येतो. वर पाणी पिऊन संपवलेली प्लास्टिकची बाटली घट्ट बूच लावून दाराच्या कप्प्यात टाकायची. वाईच्या ढोल्या गणपतीपाशी पोचेपर्यंत तिची गालफडं बसलेली असतात.

माझं असं मत होत चाललं आहे की महाबळेश्वरला नवी यंत्रं जराशी बावरतात, आणि ज्यांना यंत्र म्हणून कोणी मोजतच नाही अशा वस्तू मुकाट्याने कामाला लागतात. या मताला आधार माझ्या मावशीच्या घराचा. ती मूळची आटपाडीची. जिथे ओली चादर तासाभरात कडकडीत वाळते अशा गावची मुलगी आजोबांनी महाबळेश्वरच्या पेठेत दिली. त्या काळी मुलीला विचारायची पद्धत नव्हती, नाहीतर तिने निदान पर्जन्यमान विचारलं असतं.

सासरी तिला पहिली भेटली ती न शिजणारी डाळ. 'इथलं पाणीच जड' असा निकाल सासूबाईंनी आधीच दिलेला होता. पाणी बिचारं निर्मळ. त्याला फक्त उकळायची घाई. दाब कमी असल्यामुळे महाबळेश्वरात पाणी १०० अंशांची वाट बघत बसत नाही, साडेपंच्याण्णवच्या आसपासच उकळायला लागतं. बुडबुडे तेच, वाफ तीच, खळखळाटही तोच. पण डाळीला चार-साडेचार अंशांचा चटका कमी बसतो आणि ती हटून बसते. घरात कुकर आला तेव्हा हा प्रश्न मिटला, कारण कुकर आपल्यापुरता दाब आत तयार करून घेतो आणि बाहेरच्या हवेवर फारसा विसंबून राहत नाही. सासूबाईंचं मत मात्र शेवटपर्यंत तेच राहिलं. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन अँडीज पर्वत ओलांडत होता तेव्हा त्याच्या सोबत्यांनी रात्रभर बटाटे उकळले आणि ते सकाळीही कच्चेच निघाले. या नव्या मेल्या भांड्यालाच बटाटे शिजवायचे नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. डार्विनने तो ऐकला आणि प्रवासवर्णनात लिहूनही ठेवला. आमच्या घरात पाण्याला लागलेला बोल लिहून ठेवायला कोणी डार्विन नव्हता, एवढाच फरक.

आता पावसाकडे यायला हरकत नाही. तो थांबून ऐकणारा नाही.

महाबळेश्वरच्या बाजारपेठेत पाऊस अजून इंचात पडतो. वेधशाळा मिलिमीटर देते, वर्तमानपत्रं मिलिमीटर छापतात, पण टॅक्सी स्टँडवर मिलिमीटरला कोणी ओळख देत नाही. "यंदा अडीचशे झाला बघा," असं ड्रायव्हर सांगतो तेव्हा ते २५० इंच असतात, म्हणजे ६३५० मिलिमीटर. मिलिमीटरमध्ये सांगितलं तर आकडा मोठा होतो आणि पाऊस लहान वाटतो, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं. जी वस्तू गुडघ्यापर्यंत येते ती मिलिमीटरमध्ये काय मोजायची? एका आकड्यावर मात्र तिथेही कोणी गंमत करत नाही. २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत इथे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुण्याला जून ते सप्टेंबर मिळून जेवढा पडतो, जवळपास तेवढा एका दिवसरात्रीत. त्याच सुमारास आंबेघर, मिरगाव आणि घाटाखालच्या तळियेत दरडी कोसळून माणसं गेली. तो आकडा निघाला की स्टँडवर विषय बदलतात.

एरवी जुलैत महाबळेश्वरला मोबाइलवर हवामान बघणारा पर्यटक हा करमणुकीचा विषय आहे. पुढ्यात काचेची खिडकी, खिडकीबाहेर पाण्याची भिंत, आणि हा गृहस्थ अंगठ्याने पडदा सरकवत म्हणतो, "साठ टक्के शक्यता दाखवतोय." उरलेल्या चाळीस टक्क्यांत तो बायकामुलांना घेऊन वेण्णा लेकला जाऊन येणार असतो. मोबाइलचाही फार दोष नाही. हवामानाची जी जागतिक गणितं संगणकावर चालतात ती पृथ्वीचे चौकोन पाडून चालतात; त्यातल्या चांगल्यांत एकेक चौकोन ९ ते १३ किलोमीटरचा. आणि आपल्याकडे महाबळेश्वरला सहा मीटर पाऊस, अठरा-वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला पावणेदोन मीटरच्या आसपास, आणि घाट उतरून वाईला गेलं तर त्याच्याही निम्म्याहून कमी. एवढ्या थोड्या अंतरात एवढी उतरंड असेल तर गणिताने कुठे पाय ठेवायचा? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडवलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये सुरू झाली. तिचा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. हे काम फार मोलाचं आहे आणि मी ते मनापासून म्हणतो. तरी महाबळेश्वरात सहा किलोमीटरमध्ये तीन पॉइंट, दोन दऱ्या आणि एक ओढा येतो, आणि प्रत्येकाचा पाऊस वेगळा.

मावशीचा पाऊस घराच्या आत पडतो. म्हणजे गळत नाही. पूर्वी भिंतींना गवताच्या झड्या बांधत, आता निळं प्लास्टिक बांधतात, थेंब आत येत नाही. पण हवाच ओली असते. मिठाच्या बरणीत खालच्या बाजूला समुद्र तयार होतो. काडेपेटीचा गूल काडीला लागून येतो. पापड वाकवला तर वाकतो. वर्तमानपत्राचं पान उलटताना आवाज येत नाही. कपाटातल्या चामड्याच्या चपलांवर हिरवी मखमल उगवते, आणि लग्नातला शालू जुलैभर उघडायचा नाही असा घरचा दंडक असतो.

यावर काकांनी एक इलाज केला होता. लाकडी कपाटाच्या तळाशी होल्डर बसवून त्यात ६० वॉटचा साधा पिवळा बल्ब. गणपती येईपर्यंत तो रात्रंदिवस जळायचा. कपाट उघडलं की आतून उबदार, किंचित डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी हवा अंगावर यायची. आम्हा मुलांना ते कपाट फार आवडायचं, भिजून आलो की दार उघडून दोन मिनिटं त्याच्यापुढे उभे राहायचो, आणि मावशी ओरडायची, "अरे, ऊब बाहेर जाते!" यामागचं शास्त्र सरळ आहे. हवा थोडी तापली की तिची बाष्प सामावून घ्यायची ताकद वाढते; बाष्प तेवढंच, पण हवा त्या मानाने कोरडी होते आणि बुरशीला तिथे करमत नाही. जुना बल्ब या कामाला जन्मलेला. घेतलेल्या विजेतली नव्वद टक्क्यांहून जास्त तो उष्णतेत घालवायचा, प्रकाश काय तो वरकड.

मग एलईडी आले. २०१५ च्या जानेवारीत केंद्राची 'उजाला' योजना सुरू झाली आणि देशभर ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले. मावशीच्या घरीही आले. नातवाने हौसेने सगळे दिवे बदलले आणि जाता जाता कपाटातलाही बदलला. ९ वॉट, पांढराशुभ्र उजेड. श्रावणात मावशीने कपाट उघडलं तेव्हा त्या उजेडात शालूच्या पदरावरची बुरशी बुट्ट्यांसकट स्पष्ट दिसत होती.

"दिवा लागतो, पण तापत नाही," मावशी म्हणाली. "उपयोग काय त्याचा? मी काय रात्री कपाटात वाचत बसते?"

नातवाने तिला विजेची बचत समजावून सांगितली. तिला ती आधीच कळलेली होती. तिला ती कपाटात नको होती. जगभरच्या तज्ज्ञांनी ज्या अवगुणापायी पिवळ्या बल्बला घरोघरून घालवून दिलं, तोच गुण तिला पाहिजे होता. मग शोधमोहीम सुरू झाली. पेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने हात वर केले. "काकू, आता तो फक्त पिक्चरमध्ये दिसतो," म्हणाला. शेवटी साताऱ्याला एका जुन्या दुकानाच्या माळ्यावर डझनभर मिळाले, आणि ते मावशीने स्वयंपाकघरात हळदीकुंकवाच्या वाट्यांमागे असे ठेवले आहेत की चोराला सोनं आधी सापडेल.

नातू हार मानणारा नव्हता. त्याने हवेतली ओल शोषून घेणारं यंत्र आणलं. दिसायला सुरेख, कोपऱ्यात उभं, मंद घरघर. दुपारपर्यंत त्याची टाकी भरली, लाल दिवा लागला आणि ते थांबलं. टाकी रिकामी केली. रात्री पुन्हा लाल दिवा. मावशी म्हणाली, "दमलं बिचारं." तिने त्याचं पाणी इस्त्रीच्या फवाऱ्यात वापरायला सुरुवात केली, तेही पुरून उरलं. पुढे वादळात वीज गेली ती दोन दिवस आली नाही, तेव्हा माळ्यावरून शेगडी उतरली. कोळशाच्या निखाऱ्यांवर बांबूची मोठी टोपली उपडी, टोपलीवर नातवाची जीन्स. जीन्स वाळायला अर्धा दिवस लागला आणि तिला पुढचा आठवडाभर धुराचा वास येत होता. पण वाळली.

हिवाळ्यात या गावाचं शास्त्र पावसातून बाहेर पडून पाऱ्याकडे जातं. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे वेण्णा लेकला आणि लिंगमळ्याच्या बाजूला दवबिंदू गोठतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात जीपच्या टपावरून खरवडलेला मूठभर बर्फाचा चुरा हातात धरलेला फोटो येतो. त्याच बातमीत खाली लिहिलेलं असतं, महाबळेश्वरचं किमान तापमान अमुक अंश. ते शून्याच्या बरंच वर असतं. मग वादाला तोंड फुटतं. पर्यटक मोबाइल पुढे करून म्हणतात, इथे तर आठ अंश आहे, बर्फ कसा होईल? घोडेवाला काही बोलत नाही, बोटाने खोगिरावरचे हिमकण उडवतो.

दोघंही खरे असतात, हीच अडचण. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या, चारी बाजूंनी झडपा असलेल्या लाकडी पेटीत राहतो. ऊन थेट लागू नये, पाऊस लागू नये, वारा मात्र खेळावा, अशी त्याची बडदास्त. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या दीपगृहं बांधणाऱ्या स्कॉटिश इंजिनिअरने बेतली. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन त्याचा मुलगा. पेटीतल्या तापमापकाला जे जाणवतं ते जगभर सारख्या रीतीने मोजलेलं हवेचं तापमान. गवताचं पातं त्या पेटीत राहत नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री ते आपली सगळी ऊब उघड्या आकाशाला देऊन टाकतं आणि भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी गार होतं. त्यात गार हवा जड. ती उतारावरून घरंगळत तळ्याच्या खोलगटात साठते. गवत, नावांच्या फळ्या, जीपचे टप आणि स्ट्रॉबेरीची पानं एवढ्यांपुरताच शून्य अंश येतो आणि सूर्य वर आला की कोणालाही न सांगता निघून जातो. स्ट्रॉबेरीवाल्याला या भांडणात रस नसतो. तो पानं बघतो, आकडा बघत नाही. त्याचं नुकसान सव्वा मीटर उंचीवर होत नाही.

मधाची गोष्टही थंडीचीच. मध संचालनालय महाबळेश्वरात आहे, आणि जवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं; सातेरी माश्यांच्या पेट्या इथे घरोघर. इथून नेलेला मध जानेवारीत बाटलीच्या तळाशी रवाळ बसला की शहरातलं गिऱ्हाईक व्हिडिओ बघतं. व्हिडिओत मध पाण्यात सोडतात, कापसाला लावून पेटवतात, कुत्र्यापुढे ठेवतात. कुत्र्याला या विषयातलं काय कळतं हे कोणी विचारत नाही. निकाल ठरलेला: साखर मिसळली. मधातली ग्लुकोज थंडीत स्फटिक धरते, हा मधाचा स्वभाव आहे. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. पण पेटवून बघण्यातली मजा कोमट पाण्यात नाही.

पॉइंटवरचे दुर्बीणवाले तेवढे नव्या यंत्रांना पुरून उरले आहेत. आता मोबाइलचा कॅमेरा शंभर पट जवळ आणतो आणि जे नीट दिसत नाही ते स्वतःच्या अंदाजाने भरून काढतो. दुर्बीणवाले हे काम फार आधीपासून तोंडाने करतात. समोर निव्वळ धुकं असलं तरी डावीकडे प्रतापगड, त्याच्याखाली अमुक वाडी, हे सगळं त्याच क्रमाने ऐकायला मिळतं. आर्थर सीटला तर यंत्रही लागत नाही. कोकणातून येणारा वारा कड्याला धडकून सरळ वर चढतो आणि दरीत टाकलेलं बाटलीचं हलकं बूच परत टाकणाऱ्याच्या डोक्यावरून मागे येऊन पडतं. कचरा टाकणाऱ्याच्या तोंडावर परत फेकणारं असं ठिकाण प्रत्येक तालुक्यात एक तरी असावं.

ढगांना मात्र इथे खरोखरच्या यंत्रांनी मोजतात. त्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची मेघभौतिकीची प्रयोगशाळा २०१२ पासून महाबळेश्वरात आहे. इतर ठिकाणी ढगात शिरायला विमान लागतं, इथे पावसाळ्यात ढग दारातून आत येतो. त्यातले थेंब इतके बारीक, की पावसाचा एक बरासा थेंब व्हायला त्यांतले दहा-एक लाख एकत्र यावे लागतात. मावशीकडे आटपाडीचे मामा आले असताना जुलैत मी त्यांना हे सांगत होतो. मामा शाल पांघरून शेगडीपाशी बसले होते.

"एवढं बारीक मोजत्यात," मामा म्हणाले, "मग वाटून का देत न्हाईत?"

मामांचा ढगांशी जुना वाद आहे. साताऱ्या-सांगलीच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्याच सुमाराला दुष्काळाची वर्षं आली, आणि ही पाती ढग पळवून लावतात असा गावोगाव बोभाटा झाला. पंखा आहे म्हणजे वारा घालणारच, हा हिशेब. वाऱ्याने पातं फिरतं, पात्याने वारा सुटत नाही, आणि पाऊस देणाऱ्या ढगांची उंची किलोमीटरमध्ये मोजतात, हे मी त्यांना सांगून पाहिलं. समुद्रावरून आलेला ढग सह्याद्रीवर चढताना गार होतो, पाणी इथेच टाकतो आणि पलीकडे उतरेपर्यंत कोरडा होतो, हेही सांगितलं.

मामांनी खिडकीबाहेर बघितलं. काही दिसण्यासारखं नव्हतं.

"म्हंजे चोर पवनचक्की न्हवं. चोर ह्यो डोंगर."

"चोर कशाने?" मावशीने माहेरची बाजू कधीच सोडली आहे. "सगळं कृष्णेला सोडून देतोच की आम्ही. तुमच्या आटपाडीला टेंभूचं पाणी येतं ते कुठलं? कऱ्हाडजवळ कृष्णेतनंच उचलतात ना?"

"उचलत्यात. पंपानं." मामा शालीतून हात बाहेर काढून मोजू लागले. "आमच्या वाटंचा पाऊस तुमी हितं अडवायचा. त्योच नदीत सोडायचा. त्योच पुन्हा टप्प्याटप्प्यानं चढवून आमाला द्यायचा. आन् पाणीपट्टी कुणी भरायची? आमीच!"

"भर की," मावशी कपाटाकडे बोट दाखवून म्हणाली. "चार महिने बल्ब जाळून तुझा पाऊस वाळवायचं बिल मी भरते, ते कधी विचारलंस?"